‘मि प्याचे’ कसं वापरावं: इटालियनमधलं आवडणं, मराठी माणसासाठी

इटालियन शिकायला लागलेल्या माणसाला पहिल्या महिन्यातच ‘प्याचेरे’ (आवडणे) हे क्रियापद भेटतं आणि त्याच्यासोबत एक ठरलेला सल्ला मिळतो: हे क्रियापद उलटं चालतं, म्हणून वाक्य आधी मनात उलटं करून घ्या आणि मग बोला. हा सल्ला इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी तयार झालेला आहे. त्यांच्या भाषेत ज्याला आवडतं तो कर्ता असतो, त्यामुळे त्यांना उलटापालट करावीच लागते. आपल्याला कशाला? ‘मला समुद्र आवडतो’ आणि ‘मि प्याचे इल मारे’ यांत फिरवण्यासारखं काहीच नाही. समुद्र कर्ता, मला चतुर्थी, क्रियापद समुद्राप्रमाणे. तरीही मराठी मुलं मराठीतून इंग्रजीत, तिथून कोलांटी मारून इटालियनमध्ये असा द्राविडी प्राणायाम करत बसतात, कारण पुस्तक इंग्रजीत, ॲप इंग्रजीत आणि शिकवणाराही त्याच वाटेने शिकलेला.

ती वाट सोडा. मिलान किंवा तोरिनोला शिकायला, नोकरीला निघालेल्यांना मी हे क्रियापद ज्या क्रमाने शिकवते, तो क्रम खाली देते आहे. इटालियन अक्षरं वाचता येतात आणि ‘एस्सेरे’ (असणे) व ‘आवेरे’ (जवळ असणे) यांची रूपं पाठ आहेत असं धरून चालले आहे. पाठ नसतील तर आधी ती करून या.

१. ‘मि’ म्हणजे ‘मी’ नव्हे

मराठी कानाला लागणारी ही पहिली ठेच. इटालियन ‘मि’ म्हणजे ‘मला’. ‘मी’साठी ‘ईओ’ आहे. कान सवयीने ‘मी’ ऐकतो आणि तोंडातून ‘ईओ प्याचे’ निघतं. याचा अर्थ काहीच होत नाही. एकदा ही जोडी लावून टाका: मला मि, तुला ति, त्याला ल्यी, तिला ले, आम्हाला ची, तुम्हाला (अनेकजण) वि. ‘त्यांना’साठी बोलताना पुन्हा ‘ल्यी’च चालतं, ‘आ लोरो’ जरा पुस्तकी. आम्हाला आणि आपल्याला हा फरक इटालियनमध्ये नाही, दोन्हीकडे ‘ची’.

एकट्या माणसाला आदराने ‘तुम्हाला’ म्हणायचं असेल तर ‘वि’ नाही, ‘ले’ म्हणायचं. समोर मिशीवाले काका असले तरी ‘ले’. ‘ले प्याचे इल काफे?’ म्हणजे ‘तुम्हाला कॉफी आवडते का?’ काकांना ‘तिला’ म्हटल्यासारखं वाटून सुरुवातीला जीभ अडखळते. अडखळू द्या.

२. मूळ पाहून घ्या, पुढचं सोपं जातं

‘प्याचेरे’ लॅटिन ‘प्लाकेरे’वरून आलं. लॅटिन माणूस ‘मिहि प्लाकेत’ म्हणायचा. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना इथे ‘मह्यं रोचते’ आठवायला हवं. मिहि आणि मह्यम् ही एकाच मुळातून फुटलेली रूपं आहेत आणि रचनाही तीच. ज्याला आवडतं त्याची चतुर्थी, हे पाणिनीने ‘रुच्यर्थानां प्रीयमाणः’ या सूत्रात (१.४.३३) सांगून ठेवलंय. म्हणजे लॅटिन, संस्कृत, मराठी, इटालियन एका रांगेत बसतात, आणि उलटं चालतं ते इंग्रजी.

लॅटिनमध्ये या क्रियापदाला ‘योग्य वाटणे, ठरणे’ असाही अर्थ होता. रोमन सिनेटने ठराव केला की ‘सिनेटला रुचलं’ अशा शब्दांत लिहीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत (१९६२ ते १९६५) बिशप मत देत तेही ‘प्लाचेत’ किंवा ‘नोन प्लाचेत’ असंच. इटालियनमध्ये तो अर्थ मागे पडला, आवडण्याचा राहिला.

शब्द बदलला कसा? लॅटिन ‘प्ल’चा इटालियनमध्ये ‘प्य’ होतो. प्लेनुसचा प्येनो (भरलेला), प्लुम्बुमचा प्योंबो (शिसं), प्लातेआची प्यात्सा (चौक). हा नियम लक्षात राहिला तर वाचताना दहा-वीस शब्द फुकटात ओळखू येतात.

३. वर्तमानकाळ

दोन रूपांत भागतं. एक वस्तू आवडत असेल तर प्याचे, अनेक असतील तर प्याच्चोनो. मि प्याचे इल लीब्रो, मि प्याच्चोनो इ लीब्री. पुस्तक आवडतं, पुस्तकं आवडतात. वर्तमानकाळात लिंग बघायचं नाही, मराठीपेक्षा सोपं.

क्रिया आवडत असेल तर नेहमी एकवचन, क्रिया कितीही असोत: मि प्याचे लेज्जेरे ए काम्मिनारे, वाचायला आणि चालायला आवडतं.

उच्चारात एकच काळजी घ्या. ‘प्याच्चोनो’तला च ‘चार’मधला आहे, ‘चोर’मधला नाही. पुढे ओकार आला की मराठी जीभ आपोआप चोराकडे वळते. शिवाय लिहिताना प्याच्चो, प्याच्चोनो, प्याच्च्या या रूपांत सी दोनदा येतो आणि तो जोर ऐकूही आला पाहिजे. फ्लोरेन्स आणि रोमकडे ‘प्याचे’चं ‘प्याशे’ ऐकू येईल, कारण तिथे दोन स्वरांमधला एकटा च असा घसरतो. दुहेरी च्च मात्र तिथेही ठणठणीत राहतो. ‘प्याशे’ ऐकून दचकू नका आणि नक्कलही करू नका.

आणि उपपद, म्हणजे नामाआधी येणारं इल, ला वगैरे. मराठीत उपपद नाही म्हणून आपण ते गिळतो. ‘मि प्याचे काफे’ हे चूक, ‘मि प्याचे इल काफे’ हवं. गावांच्या नावांना मात्र लागत नाही: मि प्याचे रोमा. देशाला लागतं: मि प्याचे लितालिया.

४. भूतकाळ: घोडं अडतं ते इथे

मला या क्रियापदात सगळ्यात जास्त वेळ इथेच लागला, आणि माझ्या वर्गातली हुशार मुलंही इथेच लटपटतात. म्हणून सावकाश.

आधी सोपा भाग पाहा:

मला चित्रपट आवडला: मि ए प्याचूतो इल फिल्म.
मला कविता आवडली: मि ए प्याचूता ला पोएझीया.
मला चित्रपट आवडले: मि सोनो प्याचूती इ फिल्म.
मला कविता आवडल्या: मि सोनो प्याचूते ले पोएझीए.

आवडला, आवडली, आवडले, आवडल्या. प्याचूतो, प्याचूता, प्याचूती, प्याचूते. इंग्रजीतून आलेला विद्यार्थी या चार शेपट्यांपुढे घाम गाळतो. आपण तिसरीतल्या पोरासारखं हे सहज बोलतो. मग अडतं कुठे?

अडतं ते एका वेगळ्याच क्रियापदामुळे, आणि हे कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही, कारण पुस्तक मराठी माणसासाठी लिहिलेलंच नसतं. मराठीत भूतकाळात जवळजवळ प्रत्येक सकर्मक क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं. मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली. त्याच सवयीने मराठी विद्यार्थी ‘मी सफरचंद खाल्लं’ म्हणताना ‘ओ मांजाता ला मेला’ म्हणतो, कारण मेला स्त्रीलिंगी आहे. हे चूक. ‘आवेरे’ लावून भूतकाळ होतो तेव्हा कर्म मागून येत असेल तर शेपटी बदलत नाही: ओ मांजातो ला मेला. पोळी असो, भात असो, पाच भाकऱ्या असोत, मांजातो ते मांजातो.

शिक्षक ही चूक चार वेळा दुरुस्त करतात. पाचव्या वेळेपर्यंत पोरगं इतकं धास्तावतं की सगळ्याच शेपट्या ओ-वर गोठवून टाकतं आणि ‘मि ए प्याचूतो ला पीत्सा’ म्हणायला लागतं. म्हणजे जिथे मराठी सवय चूक होती तिथे ती गेली, आणि जिथे बरोबर होती तिथूनही गेली. वर्गात आलेला विद्यार्थी ‘प्याचूतो ला पीत्सा’ म्हणाला की मी समजते, याला कोणीतरी खाण्याच्या क्रियापदावरून झापलेलं आहे.

म्हणून नियम असा पक्का करा. ‘ओ’ (माझ्याजवळ आहे) लावून केलेल्या भूतकाळात मराठी सवय आवरा. ‘ए’ किंवा ‘सोनो’ लावून केलेल्या भूतकाळात मराठी सवय मोकळी सोडा. आणि प्याचेरेला कायम ‘ए’ किंवा ‘सोनो’च लागतं. ‘ओ प्याचूतो’ असं काही नसतं. कारणही सरळ आहे: तुम्ही काही केलेलंच नाही. चित्रपट तुम्हाला आवडला, जे काय केलं ते चित्रपटाने केलं.

‘सोनो’वरून आणखी एक घोळ होतो. ‘सोनो’ म्हणजे ‘मी आहे’ हे पहिल्या धड्यात शिकलेलं असतं. मग ‘मि सोनो प्याचूती इ फिल्म’ ऐकलं की ‘मी’ दोनदा आल्यासारखा वाटतो. इथला ‘सोनो’ म्हणजे ‘ते आहेत’. दोन्ही अर्थांना एकच रूप आहे, ते चित्रपटांसाठी आलंय, तुमच्यासाठी नाही.

आता लिंग. सगळ्यात वाईट सल्ला मी इथेच ऐकला आहे: ‘मराठीतलं नपुंसकलिंग म्हणजे इटालियनमधलं पुल्लिंग समजा.’ पुस्तक, लीब्रो, पुल्लिंग. दूध, लात्ते, पुल्लिंग. फूल, फ्योरे, पुल्लिंग. तीन उदाहरणं जुळली की माणसाला नियम सापडल्याचा आनंद होतो. मग तो घर विकत घ्यायला जातो. घर म्हणजे ला काझा, स्त्रीलिंग. शहर म्हणजे ला चित्ता, स्त्रीलिंग. गाणं म्हणजे ला कान्त्सोने, स्त्रीलिंग. मला घर आवडलं, मला शहर आवडलं, मला गाणं आवडलं: तिन्ही ठिकाणी ‘मि ए प्याचूता’. मराठी कान ‘आवडलं’ ऐकून ओ-कडे धावतो, त्याला वेसण घालावी लागते.

पुल्लिंगाचं तरी जुळतं का? आपला चंद्र पुरुष, त्यांची लूना बाई. आपला हात पुल्लिंगी. त्यांचा ‘मानो’ ओकारान्त असूनही स्त्रीलिंगी, ला मानो. उलट ‘प्रोब्लेमा’ आकारान्त असून पुल्लिंगी. आणि अंडं तर कहर करतं: एक असेल तर पुल्लिंगी, ‘लुओवो’, अनेक झाली की स्त्रीलिंगी, ‘ले उओवा’. म्हणून ‘मला अंडी आवडली’ म्हणजे ‘मि सोनो प्याचूते ले उओवा’.

उपाय एकच, आणि तो कंटाळवाणा आहे. शब्द उपपदासकट पाठ करा. ‘लूना’ नाही, ‘ला लूना’. ‘फ्योरे’ नाही, ‘इल फ्योरे’. वहीत सुटा शब्द लिहिला असेल तर तो खोडा. विशेषतः ए-ने संपणारे शब्द, कारण त्यांच्या तोंडावरून काहीच कळत नाही: इल माले, ला नोत्ते, इल साले, ला कान्त्सोने. शब्दाच्या शेवटावरून लिंग ओळखण्याच्या युक्त्या सांगणारे व्हिडिओ मी मुलांना बंद करायला लावते.

नपुंसकाचा तो सल्ला एकाच ठिकाणी खरा ठरतो. आवडलेली गोष्ट नाम नसून क्रिया असेल किंवा ‘सगळं’ असेल तर ओ. ‘तुझ्याशी बोलायला आवडलं’: मि ए प्याचूतो पार्लारे कोन ते. ‘सगळं आवडलं’: मि ए प्याचूतो तुत्तो. आणि पुल्लिंगी-स्त्रीलिंगी गोष्टी एकत्र आवडल्या तर अनेकवचनी पुल्लिंग: मि सोनो प्याचूती इल फिल्म ए ला कान्त्सोने. मराठीत आपण जवळच्या शब्दाकडे बघून वेळ मारून नेतो, तशी सवलत इथे धरू नका.

शेपटी ऐकायलाही शिका, कारण तिच्यात माहिती असते. कोणाच्या घरी जेवायला गेलात. टेबलावर वांग्याची ‘कापोनाता’ होती (स्त्रीलिंगी) आणि शेवटी ‘तिरामिसू’ आलं (पुल्लिंगी). ताटल्या उचलता उचलता घरच्या बाईंनी नुसतं विचारलं, ‘ति ए प्याचूता?’ त्या कापोनाताबद्दल विचारताहेत. तिरामिसूचं कौतुक सुरू केलंत तर त्या कसनुसं हसतील. खात असताना मात्र ‘ति प्याचे?’ विचारतात, जेवण झाल्यावर ‘ति ए प्याचूतो?’. हा फरक ‘आवडतंय का?’ आणि ‘आवडलं का?’ इतकाच.

शेपटी स्वतःवरही लागते. मुलाखत देऊन बाहेर आलेली मुलगी ‘मी त्यांना आवडले का?’ असं विचारताना ‘ल्यी सोनो प्याचूता?’ म्हणेल, मुलगा ‘ल्यी सोनो प्याचूतो?’ म्हणेल. इथला ‘सोनो’ खरोखरच ‘मी’चा. वाक्यात दुसरं नाम नाही, त्यावरून ओळखायचं.

राहिला दुसरा भूतकाळ, ‘मि प्याचेवा’. पुस्तकं यावर पानंच्या पानं खर्च करतात: वर्णन, सवय, पार्श्वभूमी, अमुक अर्थछटा. मराठीत ‘आवडायचं’ म्हणाल तिथे प्याचेवा (अनेकांसाठी प्याचेवानो), ‘आवडलं’ म्हणाल तिथे ए प्याचूतो. लहानपणी मला दूध आवडायचं: दा बांबीना मि प्याचेवा इल लात्ते. मी बाई म्हणून बांबीना, पुरुषाने बांबीनो म्हणावं.

सराव कसा करायचा? तक्ते भरू नका. रात्री झोपण्याआधी दिवसभरातल्या चार खऱ्या गोष्टी घ्या: खाल्लेली एक, पाहिलेली एक, ऐकलेली एक आणि न आवडलेली एक. मोठ्याने बोला. नामाचं लिंग आठवलं नाही तर अंदाज करू नका, शब्दकोश उघडा. सिएनाच्या विद्यापीठाची चिल्स किंवा पेरूजाच्या विद्यापीठाची चेली परीक्षा द्यायची असेल तर तोंडीत कालच्या सुट्टीबद्दल, सहलीबद्दल विचारलं जाण्याची शक्यता दाट असते, आणि तिथे हे रूप दर तिसऱ्या वाक्यात लागतं. नागरिकत्वासाठी २०१८ पासून इटालियनची बी-१ (मधली) पातळी लागते. ती परीक्षा देणाऱ्यांनाही यातून सुटका नाही.

५. उत्तर देताना

कोणी म्हणालं ‘मि प्याचे इल मारे’, तर ‘मलाही’ म्हणजे ‘आंके आ मे’. कोणी म्हणालं ‘आमो इल मारे’ (मी समुद्रावर प्रेम करतो), तर ‘मीही’ म्हणजे ‘आंकीओ’. मराठीत ‘मलाही’च्या जागी ‘मीही’ म्हणाल का? मग इथेही म्हणू नका. नकाराला नकार: नेआंके आ मे, मलाही नाही. पटत नसेल तर ‘आ मे नो’, मला नाही. ‘आ मे सी’, मला आवडतं बुवा.

‘ति प्याचे इल काफे?’ याचं उत्तर ‘सी, मि प्याचे’. त्यात ‘ते’साठी ‘लो’ घुसवू नका. कॉफी इथे कर्ता आहे, ती गाळली तरी कळते. ‘हो, आवडते’ म्हणताना आपण ‘ती’ म्हणतो का?

नावावर जोर द्यायचा असेल तर ‘आ’ लावा: आ मार्को प्याचे, मार्कोला आवडतं. ‘आ मे मि प्याचे’ असं दुहेरी ‘मला’ रस्त्यावर सर्रास ऐकू येईल. इटालियन मुलांना शाळेत त्यावरून ओरडा बसतो. घरच्यांना शोभतं, परक्याने परीक्षेत लिहू नये.

६. माणसं आवडतात तेव्हा

मि प्याची म्हणजे ‘तू मला आवडतोस’ किंवा ‘आवडतेस’. ति प्याच्चो? म्हणजे ‘मी तुला आवडतो का?’ रचना मराठीचीच आणि धोकाही मराठीचाच: समोरच्याला तो प्रेमाचा कबुलीजबाब वाटतो. वर्गातल्या मैत्रिणीला, घरमालकाला असं म्हणू नका. ‘माणूस छान आहे’ म्हणायला ‘मि स्ता सिंपातिको’, बाई असेल तर ‘सिंपातिका’. सरांचं शिकवणं आवडत असेल तर ‘मि प्याचे कोमे इन्सेन्या’ म्हणा, सर बाजूला राहतात. आई, भाऊ, जिवलग मित्र यांच्यासाठी ‘ति वोल्यो बेने’. ‘ति आमो’ जोडीदारासाठी ठेवा.

७. मराठीवर किती भरवसा ठेवावा

इथवर मराठीचं बोट धरून चाललो, म्हणून एक इशारा. आपल्याकडे ‘मला’ने सुरू होणारी वाक्यं ढिगाने आहेत आणि इटालियन त्यातली निम्मीच मानतं.

मानतं ती अशी: मला वाटतं, मि सेम्ब्रा. मला पुरतं, मि बास्ता. मला लागेल, मि सेर्वे. माझं किंवा मला डोकं दुखतंय, मि फा माले ला तेस्ता. आणि ‘मि मांकी’, तुझी उणीव भासते. यात ‘तू’ कर्ता आहे, तेव्हा ‘ति मांको’ म्हटलं तर अर्थ ‘तुला माझी आठवण येते’ असा होईल. फोनवर गल्लत केलीत तर समोरचा माणूस खुशाल ‘हो’ म्हणेल.

मानत नाही ती अशी: मला भूक लागली, ओ फामे. मला थंडी वाजते, ओ फ्रेद्दो. मला ताप आहे, ओ ला फेब्रे. मला पोहता येतं, सो नुओतारे. मला पाणी हवंय, वोर्रेई देल्लाक्वा. या सगळ्यांत तुम्हीच कर्ते. ‘मि रिकोर्दो’ (मला आठवतं) फसवं आहे, ‘मि’ दिसतो पण क्रियापद तुमच्याप्रमाणे चालतं: ति रिकोर्दी, सि रिकोर्दा.

८. दिस्प्याचेरे

‘न आवडणं’ म्हणजे ‘नोन मि प्याचे’. ‘मि दिस्प्याचे’ म्हणजे ‘मला वाईट वाटतं, माफ करा’. भाजी आवडली नाही म्हणून ‘मि दिस्प्याचे’ म्हणालात तर यजमान विचारतील, काय झालं?

‘नोन मि दिस्प्याचे’ मात्र कामाचं आहे. तोंडभर कौतुक करायचं नाही पण नावडलंही नाही, तेव्हा. ‘इल फिल्म नोन मि ए दिस्प्याचूतो’: बरा होता की चित्रपट.

ट्रेनमध्ये कोणी ‘ले दिस्प्याचे से आप्रो इल फिनेस्त्रीनो?’ म्हणालं, तर ते विचारताहेत की खिडकी उघडली तर तुमची काही हरकत आहे का. मदत करायच्या उत्साहात ‘सी’ म्हणू नका, त्याचा अर्थ ‘आहे हरकत’. ‘नो, प्रेगो’ म्हणा.

९. उरलंसुरलं

‘आवडेल’ हे विनंतीवजा, इच्छेच्या सुरात हवं असेल तर मि प्याचेरेब्बे: मि प्याचेरेब्बे वेनीरे, यायला आवडेल. ‘तुला आवडो वा न आवडो’ म्हणजे ‘के ति प्याच्च्या ओ नो’.

नाम म्हणूनही हाच शब्द चालतो. ओळख होताना ‘प्याचेरे’ म्हणून स्वतःचं नाव सांगा, उत्तरात ‘प्याचेरे मिओ’ येईल. शिष्टाचार शिकवणारी मंडळी या ‘प्याचेरे’ला नाक मुरडतात, बाकी सगळा देश तो रोज वापरतो. पेर प्याचेरे म्हणजे कृपया, कोन प्याचेरे म्हणजे आनंदाने, फाम्मी उन प्याचेरे म्हणजे माझं एक काम कर ना. पाककृतीत शेवटी ‘आ प्याचेरे’ दिसलं तर तो पदार्थ आवडीनुसार घाला. फेसबुकवरचं लाइक म्हणजे ‘मि प्याचे’, आणि त्याचं अनेकवचन होत नाही: शंभर लाइक्स म्हणजे ‘चेन्तो मि प्याचे’. इथे प्याच्चोनो करणारा विद्यार्थी मला दरवर्षी भेटतो.

कथा-कादंबरीत ‘प्याक्वे’ असं एक रूप दिसेल. लॅटिन ‘प्लाकुइत’चं ते रूप, अर्थ ‘आवडलं’. मिलानकडे बोलण्यात येत नाही, सिसिलीत येतं. वाचताना ओळखू आलं की पुरे.